१८०३ कुणाचं?

धाकटी बहीण सात वर्षांपासून डब्लिनला असते. यंदा दिवाळी झाल्यावर ती लगेच परतली नाही, नोव्हेंबर संपेपर्यंत राहिली, आणि २९ तारखेला मामांनी फर्मान काढलं की आज अडगावला जायचं. मामा अंजनगाव सुर्जीचे. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. वर्गात प्रमाण मराठी आणि घरात वऱ्हाडी, असा त्यांचा शिरस्ता. निवृत्तीनंतर वर्ग सुटला आणि वऱ्हाडी तेवढी उरली. गाडी मी चालवत होतो, त्यामुळे या वादात माझं काम मुख्यतः ऐकण्याचं होतं. ऐकलं ते जमेल तसं उतरवतो आहे. दोघांनी एकमेकांना किती वेळा मध्येच तोडलं, ते मात्र गाळलं आहे.

अकोट मागे पडलं की तेल्हारा तालुक्याची सपाट काळी माती लागते. कापूस वेचणीला आलेला, मधूनमधून तुरीची तासं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. मामांनी एका बांधाजवळ गाडी थांबवायला लावली.

मामा : पाह्य बाई, हे ते मैदान. १८०३, नोव्हेंबरची हीच तारीख. अडगावापुढे नागपूरकर भोसल्यायचं पायदळ अन् तोफा. सेनापती कोण, तं रघुजी राजाचा भाऊ व्यंकोजी. त्याले मन्याबापू म्हणत. शिंद्यायचं घोडदळ शिरसोलीच्या बाजूनं. दोन-अडीच कोसांची रांग होती म्हणतात. अन् समोरून आला तुह्या डब्लिनचा माणूस.

धाकटी : आर्थर वेलस्ली. पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. तो जन्मला त्या घराचं आता मोठं हॉटेल झालंय. मी एकदा तिथे चहा प्यायले होते. फार महाग होता.

मामा : चहा पेताना तुले अडगाव आठवलं का?

धाकटी : खरं सांगू? नाही. फिनिक्स पार्कमध्ये त्याचा ६२ मीटर उंच स्तंभ आहे. पायथ्याशी ब्राँझची मोठी चित्रं बसवली आहेत, वॉटर्लूला जिंकलेल्या तोफा ओतून केलेली. त्यातलं एक हिंदुस्थानातल्या लढायांचं आहे. त्याच्यासमोर मी कितीदा डबा खाल्ला असेन. आपल्या अकोटच्या शेजारचं गाव त्या हिशेबात धरलंय हे डोक्यातही आलं नाही.

मामा : इंग्रजायच्या बरोबर डोक्यात होतं. १८५१ मध्ये त्यायनं हिंदुस्थानातल्या जुन्या लढायांसाठी पदक काढलं, अन् त्याच्यावर लढाईच्या नावाच्या पट्ट्या. एक पट्टी ‘अर्गाम’. अर्गाम म्हणजे हे अडगाव. एक ‘गाविलघर’. अठ्ठेचाळीस वर्षांनी म्हाताऱ्या शिपायायच्या छातीवर अडगाव लटकलं होतं. आपल्या पोट्ट्यायले विचार, अडगाव कोठी आहे? तं म्हणतीन, तेल्हाऱ्याच्या गाडीचा थांबा.

धाकटी : आणि त्यात त्यांचं काय चुकलं, हाच माझा प्रश्न आहे. १८०३ हे आपलं साल नाही, मामा.

या वाक्यावर मामा बांधावर बसले. ते बसले म्हणजे बराच वेळ जाणार हे ओळखून मी पाण्याची बाटली काढली.

ज्यांचा सनावळीशी संबंध सुटला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगून टाकतो. १८०३ हे साल एका तहानं उजाडलं आणि दुसऱ्या तहानं मावळलं. यशवंतराव होळकरांनी ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला शिंदे आणि पेशव्यांच्या फौजा मोडल्या, दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईत त्यानं इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले दुसरे यांना ते रुचलं नाही. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. त्याच महिन्याच्या ६ तारखेला हैदराबादेत निजाम अली वारला आणि सिकंदरजाह गादीवर आला. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबरला असई झाली, ऑक्टोबरमध्ये बऱ्हाणपूर आणि अशीरगड गेले. होळकर बाजूला बसून पाहत राहिले. मग युद्ध सातपुड्याच्या पायथ्याशी आलं: २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह, ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. अडगाव आज अकोला जिल्ह्यात, बाकीची तिन्ही अमरावतीत. मराठ्यांच्या सत्तेचा कणा मोडला तो एका महिन्यात, आणि ही चारही ठिकाणं एका दिवसात गाडीनं पाहून होतात.

मामा : आपलं साल नाही? काहून नाही?

धाकटी : आधी तिकडची गोष्ट ऐका. त्याच साली, २३ जुलैला, डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवर रॉबर्ट एमेट नावाच्या पोरानं उठाव केला. पंचवीस वर्षांचा. बेत मोठा होता, पण सगळा काही तासांत विस्कटला. २० सप्टेंबरला त्याच रस्त्यावर त्याला फाशी दिलं. म्हणजे असईच्या फक्त तीन दिवस आधी. त्यानं कोर्टात सांगितलं होतं की माझा देश इतर देशांच्या पंक्तीत बसत नाही तोवर माझ्या थडग्यावर काही लिहू नका. आज त्याचा पुतळा सेंट स्टीफन्स ग्रीन बागेजवळ उभा आहे. १८०३ म्हटलं की तिथल्या माणसाला हा हरलेला पोरगा आठवतो, असई जिंकणारा त्यांचाच गाववाला नाही.

मामा : म्हणजे एकाच गावचे दोन पोट्टे. एक तिथं फासावर गेला, दुसरा इथं लढाई जिंकून राहिला.

धाकटी : तेच. आणि वेलस्लीचा मोठा भाऊ रिचर्ड कलकत्त्याला गव्हर्नर जनरल. तोही आयर्लंडमध्येच जन्मलेला. शिवाय १७९८ चा आयरिश उठाव मोडला तेव्हा तिथला लॉर्ड लेफ्टनंट कोण होता? कॉर्नवॉलिस! आपल्या पुस्तकातला, बंगालच्या कायमधाऱ्याचा. १८०१ ला आयर्लंडची पार्लमेंट बुडाली ती त्याच्याच कारकिर्दीत ठरलेल्या कायद्यानं. १८०५ मध्ये तो पुन्हा हिंदुस्थानात आला आणि गाझीपूरला मेला. म्हणजे दोन्ही देशांना मुरगाळणारी माणसं तीच होती. फरक पुढे आहे. एमेट स्वतःच्या गोष्टीसाठी उभा राहिला होता. इथे या रानात कोण कशासाठी उभं होतं? इंग्रजांकडे मद्रासचे शिपाई, स्कॉटलंडचे हायलँडर, म्हैसूरचे स्वार. भोसल्यांकडे अरब. अचलपूरचा नबाब सलाबतखान, आपल्या वऱ्हाडचाच, तो कुणाच्या बाजूला?

मामा : (थोडं थांबून) वेलस्लीच्या.

धाकटी : पेशव्यांचे बापू गोखले?

मामा : त्या मोहिमेत तेही इंग्रजायसंगच होते. पुढं १८१८ मध्ये आष्टीले त्यायच्याशीच लढताना पडले.

धाकटी : मग वऱ्हाडचा माणूस कुठे होता?

मामा : माय, हे रान तं त्याचंच होतं नं!

मला वाटतं मामांचं हे उत्तर त्या दिवसातलं सगळ्यात खरं होतं, आणि ते त्यांनी वाद जिंकण्यासाठी दिलं नव्हतं. ते उठले, कापसाच्या ओळीत दोन पावलं गेले आणि एका उमललेल्या बोंडावरून हात फिरवून परत आले.

लढाईचा तपशील मात्र त्यांनी रंगवून सांगितला, आणि रंगवण्यासारखा तो आहेही. इंग्रजी फौज दिवसभर चालून थकलेली. भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा असईला खंबीर राहिलेल्या मद्रासी पलटणींतल्या काही अचानक मागे पळत सुटल्या. वेलस्ली स्वतः घोडा घालून आडवा गेला, त्यांना थोपवलं, पुन्हा रांगेत आणलं. लढाईला तोंड फुटेपर्यंत दुपारचे साडेचार झाले होते. अरबांनी हायलँडरांवर धडक दिली आणि ते जागीच कापले गेले. घोडदळही मागे सरलं. नंतर चांदण्यात पाठलाग. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

धाकटी : आणि माणसं किती मेली?

मामा : इंग्रजायची ४६. गोरे किती, काळे किती, बेपत्ता किती, सगळं वेगवेगळं मांडलेलं.

धाकटी : आणि भोसल्यांकडची?

मामा : हजारांनी म्हणतात.

धाकटी : ‘म्हणतात’. बघा, मामा. जिंकणाऱ्याला आपला एकेक शिपाई मोजावासा वाटला. हरणाऱ्या राजाला आपल्या माणसांची मोजदाद मांडावीशी वाटली नाही, आणि त्या राजाच्या पराभवाचं दुःख तुम्ही मला करायला सांगताय.

यावर मामा काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर अकोटला चहा घेतला, तेव्हाही गप्पच होते. गप्प मामा म्हणजे तयारी करणारे मामा, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे.

अंजनगावात शिरताना पानमळ्यांच्या बाजूनं गाडी घ्यायला लावली. बारी समाजाचे हे मळे, नागवेलीचे आणि पानपिंपळीचे, आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. पण मांडवाखालचा तो गारवा अजून तसाच आहे. घरी मामींनी भाकर आणि सोल्याची भाजी केली होती, हंगामातले पहिले ओले तूरदाणे. ताटं वाढेपर्यंत ओसरीवर दुसरा सामना सुरू झाला.

मामा : तू म्हणते राजाचं दुःख करू नका. नाही करत. आता तहाचं बोलू. देवगावात भोसल्यानं काय देलं? कटक, बालासोर, सगळा ओरिसाचा किनारा. जगन्नाथपुरीचं भवितव्य गाविलगडाच्या पायथ्याच्या खेड्यात लिहिलं गेलं. अन् इथं अंजनगावात शिंद्यानं काय सोडलं? गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच, अहमदनगर. दिल्लीचा बादशहा कोणाच्या ताब्यात राहील हे या गावाच्या शिवारात ठरलं. ते एक जाऊ दे. वऱ्हाडचं काय झालं? वर्धा नदीच्या पश्चिमेचा सारा मुलूख भोसल्यानं सोडला. इंग्रजायनं तो ठेवला का? नाही. निजामाले देऊन टाकला. ज्या गादीवर चार महिन्यांपूर्वी नवा माणूस बसला, जो स्वतः मैदानातही नव्हता, त्याले.

धाकटी : निजामाचा अर्धा हक्क आधीपासून होताच की. दोअमली होती ना वऱ्हाडात?

मामा : होती. निजामाचाही अंमल, भोसल्याचाही अंमल. चौथाई, सरदेशमुखी, अन् मोकासदारायचा जाच.

धाकटी : म्हणजे शेतकऱ्याला एका हंगामात दोन मालक. मग १८०३ नं निदान एक तरी मालक कमी केला! आणि गेला तो तरी कसा होता? देवगावनंतर उत्पन्न घटलं म्हणून रघुजीनं उरलेल्या मुलखात इतकी पिळवणूक केली की नागपूरकडच्या रयतेनं राजाचं नाव ‘मोठा वाणी’ पाडलं. हे मला तुम्हीच शिकवलंय.

मामा : मी शिकवलं ते खरंच आहे. पण दोन मालक असले तं एकाच्या विरुद्ध दुसऱ्याकडे फिर्याद नेता येते, हेही मीच शिकवलं होतं. एकच मालक उरला, अन् तोही हैदराबादेत, तं फिर्याद कोठी नेशीन? पुढं काय झालं? निजामाचा कारभारी चंदुलाल, त्याच्या काळात वसुलीचा लिलाव. सावकारायच्या नावानं मक्ते. पुरणमल, मग पेस्तनजी. कर्ज निजामाचं, वसुली वऱ्हाडात. तू मराठी बोलताना म्हणते का नाही, ‘ही काय मोगलाई आहे?’

धाकटी : म्हणते.

मामा : पुण्याच्या माणसाले तो वाक्प्रचार आहे. आपल्या खापरपणज्यायचा तो पत्ता होता. पन्नास वर्षं. १८०३ ते १८५३.

इथे मामींनी आतून सांगितलं की तह झाला असेल तं जेवायले बसा. मला हसू आलं. अंजनगावात कुठल्याही वादाचा निकाल अखेर तहानंच लागतो. पण तो झाला नव्हता. भाकरीचा पहिला तुकडा तोंडात घालून मामा पुन्हा सुरू झाले, आणि माझ्या मते हा त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा होता.

मामा : बरं, १८५३ ले इंग्रज आले. कसे आले? जिंकून? नाही. हैदराबाद कंटिंजंट फौजेचा पगार थकला होता म्हणून निजामानं वऱ्हाड लावून देलं. हैदराबादचे ‘नेमून दिलेले जिल्हे’ असं नाव. म्हणजे गहाण. अन् गहाण कोण टाकू शकतो? मालक. मालक कोण ठरला? १८०३ चा तह जो म्हणतो तो. १९०२ मध्ये कर्झननं ते गहाण कायमच्या पट्ट्यात बदललं, सालाले २५ लाख रुपये. १९०३ ले मध्यप्रांताले जोडलं. तरी मालक निजाम! १९३६ मध्ये त्याच्या पोराले ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी देली. तो कधी अमरावतीत राहिला का? ऑगस्ट १९४७ मध्ये अकोल्याले करार करायले पुढारी बसले, तेव्हाही हे भूत डोक्यावर होतंच. देवगावच्या मांडवात एक कलम लिहिलं अन् ते एकशे चव्वेचाळीस वर्षं जगलं. अन् तू म्हणते, हे साल आपलं नाही!

धाकटी : मी म्हणते ते उलटंच आहे. ते कलम लिहिताना आपल्याला कुणी विचारलं नाही, म्हणून ते आपलं नाही. ज्या सालात आपण कुणीच नव्हतो, फक्त मुलूख होतो, ते साल आपल्या नावावर का घ्यायचं? मला साल विचाराल तर मी १८६७ सांगेन. भुसावळहून नागपूरला रेल्वे पोचली, अकोला आणि बडनेरा मुंबईला जोडले गेले, आणि कापसाच्या भावाचं सुखदुःख घरोघर शिरलं. त्या सालाचे परिणाम तुमच्या माझ्या ताटात आहेत.

मामा : रेल्वे कापसासाठी आली. कापूस मुंबईच्या वाटेले कोणी लावला? त्याच पेस्तनजीनं, १८२५च्या सुमाराले, बैलायच्या पाठीवर गठ्ठे लादून. अन् पेस्तनजीनं हा धंदा कोणाच्या मुलखात केला? निजामाच्या. अन् निजाम कसा आला?

धाकटी : १८०३. हो, कळलं. तुमच्याकडे सगळ्या गाड्या त्याच स्टेशनातून सुटतात.

मामा : जंक्शन आहे नं ते!

मी दोघांच्याही बाजूला नव्हतो, आणि आजही पूर्ण नाही. बहिणीचं म्हणणं मनाला पटतं. पण तिच्या युक्तिवादात एक सोय आहे. जिथे आपण हरलो तिथे आपण नव्हतोच असं म्हटलं की हरण्याचा हिशेब द्यावा लागत नाही. मामांच्या युक्तिवादात दुसरी सोय आहे: जे जे वाईट झालं ते एका कलमाच्या माथी मारता येतं. आणि दोघांनाही एका गोष्टीचा विसर पडला होता, तो मी भाजी वाढून घेताना बोलून दाखवला. १८०३-०४ मध्ये दख्खनवर भयंकर दुष्काळ होता. आदल्या साली होळकरांच्या फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी मुलूख लुटलेला, त्यावर पाऊस गेला आणि उरलंसुरलं धान्य दोन्ही बाजूंच्या छावण्यांनी खाल्लं. नगरला वेलस्लीनं उपाशी लोकांना कामावर लावलं होतं. त्या वर्षी कुणा कुणब्याला विचारलं असतं की साल कसं आहे, तर त्यानं तहाचं नावही काढलं नसतं. मामा म्हणाले, ‘हे खरं.’ बहीण म्हणाली, ‘हेच तर मी सांगते आहे.’ त्यामुळे माझा मुद्दा कुणाच्या खात्यात जमा झाला ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला गेलो. गाविलगडावर गर्दी नव्हती. शार्दूल दरवाज्यावरची शिल्पं, पडके तट, तळ्यात साचलेलं हिरवट पाणी. बहमनी सुलतान अहमदशहानं १४२५च्या सुमारास इथे बांधकाम केलं, त्याआधी गवळ्यांचा गड असावा असं नावावरून म्हणतात. १८५८ मध्ये तात्या टोपे येऊन ठाण मांडतील या धास्तीनं इंग्रजांनीच त्याची मोडतोड केली.

वेढ्याची हकीकत थोडक्यात अशी. वेलस्ली दक्षिणेला पायथ्याशी देवगावात राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनला उत्तरेकडून पाठवलं. मेळघाटातून तीस मैलांची वाट तोडत, माणसांनी तोफा ओढत तो १२ डिसेंबरला वर पोचला. तीन दिवसांत बाहेरच्या तटाला खिंडार पडलं. आतला किल्ला मात्र शाबूत होता. दोन्हींच्या मध्ये दरी. १५ तारखेला कॅप्टन कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्यानं आपली तुकडी दरीतून उतरवली, पलीकडच्या कड्यावर चढवली, शिड्या लावून आत घेतली आणि दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग आणि त्याचे राजपूत दरवाज्याशी लढता लढता मेले. त्यांच्या बायकांच्या जोहाराची हकीकत इंग्रजांनीही लिहून ठेवली आहे. दोन दिवसांनी भोसल्यांच्या वकिलानं तह केला. त्या छावणीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नावाचा चोवीस वर्षांचा कारकून होता. पुढच्या वर्षी तो नागपूरला रेसिडेंट म्हणून गेला, आणि त्याच्या नावाचं कॉलेज मुंबईत आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मामा : हा घे तुहा एमेट. बेनीसिंग. पळायले वाट होती, पळाला नाही.

धाकटी : मामा, तो एमेट नाही. तो नोकरी करत होता, आणि ती त्यानं शेवटपर्यंत इमानानं केली. याला मी मान देते. पण एमेटनं सांगितलं की मी कशासाठी मरतोय. बेनीसिंगानं काही सांगितलं असेल तर ते ऐकून लिहून ठेवायला आपल्या बाजूचं कुणी उरलं नाही.

मामा : मग ते आपलं काम नाही का? इंग्रजीत बर्नार्ड कॉर्नवेलनं या गडावर अख्खी कादंबरी लिहिली, ‘शार्प्स फोर्ट्रेस’. तुह्या डब्लिनच्या दुकानात मिळत असन.

धाकटी : मिळते. मी वाचली आहे. नायक इंग्रज शिपाई आहे.

मामा : अन् आपल्याकडे यादवराव काळ्यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ किती घरांत सापडतो? मी सांगून राहिलो ते एवढंच. दुःख करू नको. पण त्या सालाची सातबाऱ्यावर नोंद तं ठेव. नोंद नसली तं जमीन दुसऱ्याच्या नावावर चढते, हे तुले शेतकऱ्याच्या घरात सांगाव लागते का?

बहिणीनं या वेळी लगेच उत्तर दिलं नाही. दरीच्या कडेला जाऊन ती पलीकडचा कडा बराच वेळ न्याहाळत राहिली. मग म्हणाली, ‘इतक्या उभ्या कड्यावरून ते चढले?’ मामा म्हणाले, ‘चढले.’

संध्याकाळी आम्ही अमरावतीला उतरलो. माझं घर परकोटाच्या आत आहे. नागपुरी गेटपासून अंबागेटपर्यंत मी रोज त्या भिंतीच्या कडेनं जातो आणि रोजच्या वस्तूकडे जसं कुणी पाहत नाही तसा पाहत नाही. मामांनी त्या रात्री ती भिंत मला नव्यानं दाखवली. युद्ध संपलं, फौजा मोडल्या, बेकार झालेले स्वार पेंढाऱ्यांना जाऊन मिळाले, आणि अमरावतीच्या कापसाच्या व्यापाऱ्यांना जीव मुठीत धरून राहावं लागलं. म्हणून निजाम सरकारनं १८०७ पासून हा परकोट बांधायला घेतला. पाच वेशी, चार खिडक्या. त्यातल्या एका खिडकीचं नाव आजही खुनारी आहे. १८१८च्या दंगलीत तिथे सातशे माणसं मेली म्हणून. म्हणजे १८०३ हे साल ज्यांना कुठे सापडत नाही, त्यांनी अमरावतीत येऊन भिंतीला हात लावावा.

धाकटी : ठीक. भिंत आपली आहे, हे मान्य.

मामा : अन् साल?

धाकटी : एक सांगा. त्या तहात अडगाव कुणाकडे गेलं?

मामा हसले. हा प्रश्न ती विचारणार हे त्यांना बहुधा कालपासून माहीत होतं. देवगावच्या तहात रघुजीला नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले आणि त्यांच्या लगतचे परगणे परत दिले गेले. अकोट, बडनेरा, भातकुली, खटकाळी आणि अडगाव. जिथे भोसले हरले ते रान पुढची एकोणीस वर्षं भोसल्यांचंच राहिलं. निजामाकडे ते गेलं १८२२ मध्ये, आणि तेव्हा तिथे कुणी लढलं नाही.